सोमवारच्या रिकाम्या ओळी

पुण्याच्या माणसाला मी आयुष्यात एकदाच गप्प केलं आहे, आणि तेही बैलांच्या जिवावर. ही गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली, दर वेळी थोडा मसाला वाढवून. इथे मात्र जशी झाली तशी लिहिते. नोंदीत पदरचं घातलेलं आप्पांना चालायचं नाही, आणि ही गोष्ट त्यांची आहे.

सोलापुरातून होटगीकडे जाताना कोरडवाहू शेतीचं एक छोटं संशोधन केंद्र लागतं. एका ट्रस्टचं आहे. काळी जमीन, चार शेड, पाण्याची एक टाकी आणि कुंपणाच्या आत आणखी एक कुंपण घालून जपलेलं पर्जन्यमापक. मी तिथे संगणकाचं काम बघते. माझा हुद्दा दाराच्या पाटीवर दोन ओळींत कसाबसा मावतो, पण केंद्रात सगळे मला कॉम्प्युटरवाली मॅडम म्हणतात आणि मला ते जास्त आवडतं.

मी मूळची शहराच्या पूर्व भागातली, विणकराच्या घरातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि दोन्हींवर मागांचा खडखडाट. सुट्टी कुठल्या वारी, हे आमच्याकडे देव ठरवत नसे, वीज ठरवायची. ज्या दिवशी वीज नाही तो आमचा रविवार. बैल आमच्या घरात होता तो भिंतीवरच्या कॅलेंडरात, महादेवाच्या शेजारी बसलेला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी अक्कल कुठे कमी पडली ते कळेल.

आप्पा केंद्राचे निरीक्षक होते. सातवी शिकलेले, घरात कानडी बोलणारे, कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय चहाला हात न लावणारे. एकतीस वर्षं त्यांनी केंद्राची डायरी लिहिली. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडायचं, आत साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि किती मिलिमीटर ते लिहायचं. पाऊस झाला असेल तर नऊच्या आत गिरमिट घेऊन शेतात जायचं, ते जमिनीत पिळून वीतभर खोलीवरची माती काढायची, ओली असताना वजन करायचं, वाळवून पुन्हा वजन करायचं. म्हणजे जमिनीत ओल किती ते कळतं. आणि संध्याकाळी, बैलांनी दिवसभर काय काम केलं ते लिहायचं. बैलजोडी त्यांची स्वतःची होती, केंद्राच्या कामाला लावलेली. डायरीत असे तीन रकाने: पाऊस, माती, औत.

मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची शेवटची तीन वर्षं उरली होती. वयाने मी त्यांच्या मुलीएवढी, तरी मला अक्का म्हणायचे. आमच्या तेलुगूतही अक्काच म्हणतात, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. एकदा ऐन एप्रिलात, आभाळात ढगाचं नाव नसताना, ते साडेआठला मापकाकडे निघालेले बघून मी त्यांना चिडवलं, "आप्पा, आज काय घाम मोजणार का?"

ते थांबले नाहीत. मापकाचं झाकण काढून त्यांनी आत वाकून बघितलं, परत आले आणि डायरीत शून्य लिहिलं. मग मला म्हणाले, "रिकामं सोडलं की लोकं म्हनतील, आप्पा आला न्हवता. शून्य लिवलं की कळतंय, आप्पा आलता, पाऊस आला न्हवता. व्हय का न्हाय?"

मी हसले आणि विसरून गेले. शहाणपण फुकट मिळालं की आपण ते असंच विसरतो.

आप्पा निवृत्त होऊन होटगीला घरी बसले आणि काही वर्षांनी पुण्याहून एक मोठा प्रकल्प आला. आमच्यासारख्या छोट्या छोट्या केंद्रांच्या जुन्या वह्या-डायऱ्या एकाच प्रचंड तक्त्यात आणायच्या. लाखो ओळींचा तक्ता. कुठल्या दिवशी, कुठे, किती पाऊस, जमिनीत किती ओल, शेतात कोणतं काम. पुढे हवामान बदलाचा अभ्यास करणारा जगातला कुणीही माणूस तो उघडून बघणार. आमच्या केंद्राच्या एकतीस डायऱ्या टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. इंटरनेटवर एक फॉर्म होता, त्यात थेट भरायचं. तारखेचा रकाना, वेळेचा रकाना, मग आकडा. पावसाला वेळ होती, साडेआठ. मातीला आणि औताला आप्पांनी नुसती तारीख लिहिलेली होती, म्हणून त्यांच्या वेळेचा रकाना मी रिकामा सोडला आणि पुढच्या ओळीकडे गेले. असं दीड वर्ष चाललं. माझी बोटं त्या काळात आप्पांच्या अक्षरावर इतकी चालली की त्यांचा शाईचा पेन कधी संपत आला तेही मी ओळखू लागले.

काम झाल्यावर डायऱ्या पोत्यात बांधून मागच्या गोदामात ठेवल्या गेल्या. तिथल्या वाळवीला शास्त्राची फार आवड निघाली. पुढच्या वर्षी पोतं उघडलं तेव्हा आत मातीच होती. फॉर्मही पुण्यात कधीच बंद झाला होता. म्हणजे आप्पांची एकतीस वर्षं आता जगात एकाच जागी उरली होती, त्या तक्त्यात.

आणि एका दिवशी ती तिथूनही जायची वेळ आली.

प्रकल्पाच्या शास्त्रज्ञाने व्हिडिओवर बैठक लावली. आमचे केंद्रप्रमुख आणि मी इकडे, तो पुण्यात. तरुण माणूस, आवाज इतका मऊ की त्याने कानाखाली मारली तरी आपण धन्यवाद म्हणू. त्याने पडद्यावर आमच्या ओळी दाखवल्या. म्हणाला, "तुमच्या केंद्रात एक चमत्कार होतोय. पाऊस पडायच्या आधीच माती ओली होते."

खरंच तसं होतं. नऊ तारखेच्या सकाळी जमिनीत भरपूर ओल. आणि पाऊस? तो दहा तारखेला साडेआठला मोजलेला. नऊच्या सकाळी मापकात शून्य. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं हेच. मातीचा नमुना सकाळी नऊच्या आत काढायचा असा नियम, म्हणजे मधल्या वेळेत पाऊस पडला म्हणावं तर तेही जमत नव्हतं.

"आमचा अंदाज असा आहे," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, "की निरीक्षक रोज शेतात जात नसावेत. आठवड्याने एकदम, घरी बसून डायरी भरली असावी. असं बऱ्याच ठिकाणी होतं, कुणाला दोष द्यायचा नाही. पण तुमचं केंद्र आम्हाला तक्त्यातून वगळावं लागेल. पुढच्या शुक्रवारी तक्ता कायमचा बंद होतोय."

दोष द्यायचा नाही म्हणे! एका माणसाची एकतीस वर्षं पुसायची आणि वर म्हणायचं, कुणाला दोष द्यायचा नाही. माझी कानशिलं तापली. मी म्हणाले, "साहेब, तो माणूस एप्रिलात शून्य लिहायला मापकापर्यंत चालत जायचा."

"मॅडम, भावना समजते," तो म्हणाला. हे वाक्य मला कुणी म्हटलं की मला त्याचं काहीच समजत नाही.

बैठक संपल्यावर आमचे प्रमुख म्हणाले, "जाऊ द्या हो. जुनी गोष्ट. आप्पांना कुठे कळणार आहे?" माणूस वाईट नाही, पण त्याला भांडण सोसत नाही. मी म्हटलं, मला कळलंय ना, तेवढं पुरे. तक्त्यातल्या आप्पांच्या शेवटच्या काही वर्षांच्या ओळी मी कागदावर काढल्या. आप्पांना तारखा लक्षात राहत नसत, वार राहत. "त्या मंगळवारी गारा पडल्या" असं ते सांगत, त्यामुळे तारखेशेजारी मी एक वाराचा रकाना घातला. तो रकाना तक्त्यात कुठेच नव्हता. मी घातला तो फक्त म्हाताऱ्याच्या सोयीसाठी.

रविवारी होटगीला गेले. आप्पा ओसरीवर बसले होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावून. बैल जाऊन काही वर्षं झाली होती. गोठ्यात आता मुलाचा ट्रॅक्टर उभा असतो. सुनेने ताक आणून दिलं. मला वाटेत हजारदा वाटलं होतं की सरळ परत फिरावं. शेवटी धीर करून सांगून टाकलं, की पुण्याचे लोक म्हणतात, तुम्ही डायरी घरी बसून भरली.

मला वाटलं ते संतापतील. ते नुसते हसले. "म्हनू दे की. देव बघत हुता, बैल बघत हुते. पुन्याला कोन बघाय आलतं?" मग म्हणाले, "वाच बघू काय लिवलंय. माजंच मला ऐकू दे."

मी वाचायला लागले. पाऊस, माती, औत. ते मान हलवत ऐकत होते, मधूनच एखाद्या पावसाला ओळख दिल्यासारखं "व्हय, व्हय" म्हणत होते. मी वाचलं, "सोमवार. औत: कोळपणी, एक जोडी."

आप्पांची मान थांबली. "काय म्हनलीस?"

"सोमवार. कोळपणी."

"परत वाच."

मी परत वाचलं. ते ताडकन उभे राहिले. ताकाचा पेला कलंडला. मी त्यांना एवढं रागावलेलं एकतीस वर्षांतल्या माझ्या तीन वर्षांत कधी बघितलं नव्हतं. "सोमवारी? सोमवारी मी बैलाच्या मानंवर जू ठेवलं? कुनी लिवलं हे? अक्का, मला खोटारडा म्हना, चोर म्हना. सोमवारी आमच्यात बैल जुंपत न्हाईत! महादेवाचा वार हाय त्यो, त्याचा नंदी हाय त्यो! माज्या बापानं जुंपला न्हाय, आज्यानं जुंपला न्हाय. हयातीत न्हाय!"

सून बाहेर आली. मी कागद हातात धरून मूर्खासारखी बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, मग बैलांना सुट्टी सोमवारी असायची? केंद्राला तर रविवारी असते."

"कचेरीला रविवार. बैलाला सोमवार. रविवारी मी आन बैल, दोघंच असायचो शेतात. पाऊस मातर सोमवारीबी मोजायचो, त्येला काय वार असतोय?"

"मग डायरीत सोमवारी औताच्या रकान्यात काय लिहायचात?"

"काय लिवायचं? रिकामं. सगळ्यांनाच म्हाईत हाय की."

सगळ्यांना म्हणजे होटगीतल्या सगळ्यांना. मी तिथेच ओसरीवर पेनाने खुणा करायला लागले. माझ्या कागदावर औताचा रकाना दर आठवड्याला एकदा रिकामा होता, अगदी नेमाने. पण तो सोमवारी नव्हता. रविवारी होता. पुण्याच्या लोकांनी तो बघितला असेल तर म्हणाले असतील, बरोबर, रविवार, सुट्टी. चूक इतकी नीटनेटकी होती की ती कुणाच्या डोळ्यांवर आलीच नाही. औताची प्रत्येक नोंद एक दिवस आधी सरकलेली होती. आणि औत सरकलं असेल तर मातीही सरकली असणार. पाऊस मात्र जागेवर होता.

"वार चुकंल तुज्या मशिनीचा," आप्पा अजून धुमसत होते. "पुनव चुकंल का? कारहुणवी बघ. कारहुणवीला आमी बैल धुतो, शिंगं रंगवतो, मिरवतो. कुनाचा बाप आला तरी औत धरत न्हाय. बघ तुज्या कागदावर काय हाय ते."

कारहुणवी म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा, आमच्या दक्षिण बाजूचा बैलांचा सण. सुनेने पंचांग आणलं, जुन्या वर्षांच्या पौर्णिमा मी मोबाइलवर काढल्या. पहिलं वर्ष बघितलं. पौर्णिमेला एक जोडी कुळवणी. आदल्या दिवशी रिकामं. दुसरं वर्ष, तेच. तिसरं, तेच. चौथं वर्ष मी आनंदाने ओरडूनच वाचलं.

आता का झालं ते सांगते. सोमवारी सकाळी कार्यालयात बसून मी ते उलगडलं.

संगणकाला तारीख कळत नाही. त्याला ज्येष्ठ कळत नाही, जून कळत नाही, सोमवार तर मुळीच कळत नाही. कुठल्या तरी एका ठरलेल्या मध्यरात्रीपासून किती वेळ उलटला, एवढा एक आकडा तो सांभाळतो आणि आपण विचारलं की त्याची तारीख करून दाखवतो. म्हणून त्याला नुसती तारीख दिली तरी वेळ लागतेच. आपण नाही दिली तर तो पदरची घालतो, रात्रीचे बारा. मोठे तक्ते सगळ्या जगासाठी असतात, त्यामुळे ते एकाच घड्याळावर ठेवतात, लंडनच्या बाजूच्या. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, साडेसहा. आप्पांच्या मातीला आणि औताला मी वेळ दिली नव्हती. संगणकाने बारा धरले, तक्त्याने त्याचे आदल्या दिवशीचे साडेसहा केले, आणि शेवटी कुणीतरी म्हणालं, या रकान्यांना वेळ नकोच आहे, ती कापा. वेळ कापली आणि आदला दिवस तेवढा उरला. पावसाला साडेआठ लिहिलेले होते. त्याचे तिकडे पहाटेचे तीन झाले, पण तारीख तीच राहिली.

इथवर दोष संगणकाचा म्हणता आला असता. पण फॉर्ममध्ये वेळेच्या रकान्याशेजारी एक छोटी चौकट होती, तिच्यापुढे लिहिलेलं होतं: वेळ माहीत नाही. तिथे एक टिचकी मारली असती तर तारीख जशीच्या तशी, बिनवेळेची राहिली असती. माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, मी पुन्हा काढून वाचलं. दर ओळीला एक टिचकी जास्त पडत होती, म्हणून मी ती मारली नाही. रकाना रिकामा दिसला की कळेलच की त्यांना, असं मी धरून चालले होते. आप्पांनी मला एप्रिलच्या उन्हात उभं करून जे शिकवलं होतं, नेमकं तेच मी केलं नव्हतं. रिकामं सोडलं की लोकं म्हणतात, आप्पा आला नव्हता. आणि लोक म्हणालेच.

मला फार लाज वाटली. ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

गुरुवारी पुन्हा बैठक झाली. त्याआधी आमच्या प्रमुखांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, सर्व्हरचा घोळ म्हणा. तांत्रिक अडचण म्हणा. स्वतःचं नाव कशाला घेता? उगाच आ बैल मला मार!" त्या आठवड्यात मला बैलाची म्हण ऐकवायचं धाडस त्यांनीच करावं! मी म्हटलं, बघते.

पुण्याचा शास्त्रज्ञ पडद्यावर आला. मी त्याला आधी मातीचं काही बोललेच नाही. म्हणाले, "साहेब, आमच्या औताचा रकाना उघडा आणि कुठल्या वारी तो रिकामा आहे ते बघा."

त्याने बघितलं. "रविवार. साहजिक आहे."

"साहजिक नाही. आमच्याकडे बैल सोमवारी सुट्टीवर असतात. इकडच्या कितीतरी घरांत महादेवाच्या वारी बैल जुंपत नाहीत."

तो थोडा हसला. "मॅडम, श्रद्धा हा पुरावा होत नाही."

"बरोबर. मग चंद्र घ्या." मी कारहुणवी सांगितली. "ज्येष्ठातली पौर्णिमा कुठल्या तारखेला होती ते तुमचं तुम्ही काढा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमचा तक्ता म्हणतो, बैलांच्या सणाच्या दिवशी बैल कुळव ओढत होते आणि आदल्या दिवशी बसून होते. एकतीसही वर्षं काढा."

तो टाइप करायला लागला. आम्ही बघत राहिलो. प्रमुख पंख्याकडे बघत होते. पहिलं वर्ष, दुसरं, पाचवं. आठव्यापर्यंत त्याच्या तोंडावरचा मऊपणा गेला आणि त्या जागी एक साधा, कामात बुडालेला माणूस दिसायला लागला. तो मला तेव्हा पहिल्यांदा आवडला. सगळी वर्षं काढेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मी मघाशी म्हटलं ना, पुण्याच्या माणसाला गप्प केलं, ते हे.

शेवटी म्हणाला, "रविवार इतके बरोबर वाटले की मी तिकडे पुन्हा बघितलंच नाही."

"मीही नाही," मी म्हटलं. आणि मग एका दमात सांगून टाकलं. "साहेब, डायरीत चूक नव्हती. चूक माझी आहे. वेळ माहीत नाही ही चौकट मी एकाही ओळीत भरली नाही. हे तुमच्या कागदपत्रांत असंच लिहा, निरीक्षकाची नोंद निर्दोष, भरणाऱ्याची चूक." टेबलाखाली आमच्या प्रमुखांनी माझ्या पायावर पाय दिला. मी माझा पाय तिथेच ठेवला.

खरं सांगते, त्या क्षणी मला लाज वाटायची थांबली. उलट छाती भरून आली. चूक केली त्याचा अभिमान कुणाला नसतो, पण आप्पांच्या आणि त्या चुकीच्या मधे उभं राहायला मी होते, याचा मला आजही अभिमान आहे. आणि त्याहून जास्त आप्पांचा. एकतीस वर्षांत त्या माणसाने इतकं नेमाने लिहिलं होतं की चूक दुसऱ्याने केली तरी ती त्याच्याच नेमाने पकडून दिली. एखादा सोमवार जरी त्यांनी चुकवला असता, एखाद्या पौर्णिमेला अडलेल्या कामासाठी बैल धरले असते, तर माझ्याकडे दाखवायला काही उरलं नसतं.

तक्ता बंद करायची तारीख त्यांनी आठ दिवस पुढे ढकलली. सगळ्या ओळी पुण्यात बसून एका झटक्यात एक दिवस पुढे सरकवता आल्या असत्या, पण मी म्हटलं, नाही. मी प्रत्येक ओळीला ती चौकट भरली. एक टिचकी, एक ओळ. आमच्या ओळींपुरता फॉर्म त्याने पुन्हा उघडून दिला होता, शंभर ओळींना एकदम टिचकी मारायची सोयही करून दिली होती. ती सोय मी वापरली नाही. वेडेपणा म्हणा. मला तो हिशोब बोटांनीच चुकता करायचा होता.

माती पावसाच्या मागून भिजायला लागली. शेवटी शास्त्रज्ञाने विचारलं, "औताच्या रकान्यात सोमवारी रिकामं दिसणार. परदेशातला कुणी म्हणेल, नोंद राहून गेली. काय करायचं?" आम्ही दोघांनी मिळून दोन वाक्यं तयार केली, आणि ती तक्त्याच्या माहितीपानावर आमच्या केंद्राच्या नावाखाली मराठीत आणि इंग्रजीत गेली.

ती छापून मी होटगीला घेऊन गेले. आप्पा ओसरीवरच होते. मी वाचलं: "या केंद्रावर सोमवारी आणि कारहुणवीला बैल जुंपत नसत. त्या दिवशीच्या रिकाम्या जागा म्हणजे राहून गेलेल्या नोंदी नव्हेत."

आप्पा जरा पुढे सरकून बसले. मग विचारलं, "कुटं कुटं वाचत्यात हे?"

"जगात कुठेही. अमेरिकेतसुद्धा."

"आन खाली माजं नाव हाय?"

तक्त्यात निरीक्षकांची नावं कुणाचीच नव्हती, तसा नियमच होता. मी हे त्यांना सांगितलं. आणि म्हटलं, "मी भांडून बघते आप्पा, अजून."

"नगं," ते म्हणाले. "माजं ऱ्हाऊ दे. बैलाचं आलं की." त्यांनी काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि सुनेला बाहेर हाक मारली. ती आली, दाराला टेकून उभी राहिली. आप्पांनी गोठ्याकडे तोंड केलं, जिथे आता ट्रॅक्टर असतो.

"वाच, अक्का," ते म्हणाले. "परत एकदा. जरा मोठ्यानं वाच, तितंवर जाऊ दे."